ताशी चार किलोमीटर

जोशी मास्तरांना कुणी "कसे आहात?" विचारलं, की ते "ताशी चार" म्हणायचे. म्हणजे त्यांचा चालायचा वेग. तब्येत, मन, संसार, सगळं त्यात आलं असं त्यांचं म्हणणं.

बरकतपुऱ्यात आमची दारं समोरासमोर. मास्तर गणित शिकवून रिटायर झालेले, बायको कधीचीच गेलेली, मूलबाळ नाही. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण या शहरात तीस वर्षं सिटी बस चालवली आहे. त्यामुळे अंतर, वेग आणि वेळ यांतलं जास्त कळतं कुणाला, यावरून आमचं रोजचं भांडण.

त्यांच्या ओट्यावर शिकवणीची पोरं बसायची. मास्तर सुरू करायचे, "एक बस काचीगुड्याहून ताशी तीस किलोमीटर वेगानं निघाली..."

मी समोरून ओरडायचो, "चालवतंय कोण? वाटेत थांबे किती? कंडक्टर चहाला उतरला का?"

"गणपतराव, थांबे धरायचे नाहीत!"

"मग ती बस नाही मास्तर, बंदुकीची गोळी आहे."

पोरं खिदळायची. मास्तर खडू माझ्याकडे रोखून म्हणायचे, "या गृहस्थांमुळे तीस वर्षं शहराला उशीर होत होता."

एकदा गल्लीतल्या लग्नात वरात नाचत निघाली. मास्तर घड्याळ काढून विजेचे खांब मोजत बरोबर चाललेले. मधेच नवरदेवाच्या बापाला गाठून म्हणाले, "या वेगानं मुहूर्त पस्तीस मिनिटांनी हुकतो. बँडवाल्याला जरा जलद वाजवायला सांगा." तो बिचारा असा तापला! पण मुहूर्त हुकलाच, फक्त छत्तीस मिनिटांनी. ते एक मिनिट कुठून आलं, याचा मास्तर आठवडाभर शोध घेत होते. शेवटी कळलं की घोडा मधे उभा राहिला होता.

"बघा, थांबा!" मी म्हणालो. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

रोज संध्याकाळी पाचला मास्तर मलकपेठला थोरल्या बहिणीकडे, आक्कांकडे, चालत जायचे. तीन किलोमीटर, पाऊण तास. पावणेसहाला दारात. आक्कांची नजर गेलेलीच होती, पण त्या अंदाजानं आधण ठेवायच्या, आणि पाण्याला उकळी आली की बाहेरून "आक्का!" अशी हाक यायची. वाटेत रिक्षावाले ओळखीचे. "आओ मास्टरसाब, छोड देतूं." त्यावर मास्तर, "नक्को रे बाबा, उत्तर बदलतं."

ते दिवसच वेगळे होते. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ, वरच्या मजल्यांवर कॉम्प्युटरचे क्लास, रस्त्यावर रोज नवी गाडी. आक्कांचा मुलगा बंगलोरला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, त्यानं फ्लॅट घेतला आणि आईच्या मागं लागला, आता इकडे ये. आक्कांचं एकच. "भाऊ चालत येतोय तोवर माझं इथं छान चाललंय. तो थकला की येते."

मग एक दिवस मास्तर पावणेपाचलाच निघाले.

"आज लवकर?"

"सहज."

रोजच सहज व्हायला लागलं. पुढच्या महिन्यात साडेचार. मी ओट्यावर बसून डोकं खाजवलं. मलकपेठ काही लांब सरकलं नाही. चहाही पावणेसहाचाच. मग हा वाढीव अर्धा तास जातो कुठं? मास्तरांचं गणित मी जन्मात पहिल्यांदा सोडवलं, आणि उत्तर मला मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मागोमाग गेलो. चादरघाटच्या पुलावर मास्तर कठडा धरून उभे, एका हातानं गुडघा चोळत.

"रिक्षा बोलावतो."

"अजिबात नाही. तिला दिसत नसलं तरी ऐकू येतं. दारात रिक्षा वाजली की तिला कळेल. मग ती बॅग भरेल, गणपतराव."

"दारात कोण नेतंय? गल्लीच्या अलीकडेच उतरू."

मास्तरांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "पण फार आधी पोचू."

पोचलोच. वीस मिनिटं आधी. पानाच्या टपरीमागं दोन म्हातारे चोरासारखे उभे, आणि मास्तर दर मिनिटाला घड्याळ बघतायत. पावणेसहाला त्यांनी धोतर झटकलं, पाठ ताठ केली आणि जाऊन हाक मारली.

"आलास? आणि बरोबर कोण?"

"गणपतराव. वाटेत भेटले."

मास्तर पाय धुवायला मागच्या मोरीवर गेले, तशा आक्का हळू आवाजात म्हणाल्या, "गणपतराव, तुम्ही समोरच राहता. खरं सांगा, हल्ली हा घरून निघतो किती वाजता?"

गाडी सुटल्याची वेळ मी उभ्या नोकरीत कधी खोटी सांगितली नव्हती. साहेबाला नाही, पोलिसाला नाही.

"पाचला," मी म्हणालो. "पाचच्या ठोक्याला."

आक्का माझ्या आवाजाकडे तोंड करून गालात हसल्या.

"बरं. मग मुलाला कळवते, यंदा काही मी येत नाही."

आणि बोटानं कपाचा काठ चाचपत त्यांनी मला आणखी चहा ओतला.