दोन पट्ट्या डावीकडे

गुन्सान शहरात माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही. हे मी म्हणत नाही, माझ्या कार्डावर तसं छापलंय. बांग इन-सू, खासगी तपास. त्याआधी एकवीस वर्षं मी याच वसाहतीच्या फाटकावर पहारा दिला. तेवढ्या काळात एकही चोर सापडला नाही, यावरून चोर मला किती टरकून होते ते समजा.

गुरुवारी सातव्या मजल्यावरच्या ओक बुन-रे वहिनींनी बोलावलं. शनिवारी त्यांच्या यजमानांची, निवृत्त शिंपी प्योदादांची, सत्तरी होती. दादांनी गायचं आणि वहिनींनी पियानो वाजवायचा, असं ठरलेलं. त्यासाठी वहिनी दोन महिने गिलबाईंच्या शिकवणीला जात होत्या. तीन पट्ट्या एकदम दाबल्या की एक कॉर्ड. अशा चार कॉर्ड, चार रंगांचे ठिपके लावून बाईंनी दाखवून दिलेल्या.

“बांगभाऊ, कालपासून गाणं पडसं झाल्यासारखं वाजतंय,” वहिनी म्हणाल्या. “असंच राहिलं तर मी नाही बसणार वाजवायला. सत्तरीला ह्यांचं हसं नको.”

मी वाजवायला लावलं. त्यांनी एक अंगाई, एक प्रार्थना आणि दादांचं गाणं वाजवलं. मला तिन्ही एकच वाटली. ‘एकाच टोळीचं काम,’ मी वहीत टिपलं.

“तिन्हींना तेच चार रंग लागतात,” वहिनी म्हणाल्या. “शिकाऊ माणसाला तेवढंच देतात. पण कालपासून काळ्या पट्ट्या मात्र लागेनाशा झाल्यात. मला वाटलं, हात बसला.”

“अभिनंदन,” मी म्हणालो आणि मुद्द्यावर आलो. दाराच्या कुलपाचे आकडे फक्त नवराबायकोला ठाऊक होते. घरची माणसं अशी सुटल्यावर संशयित उरले देशातले बाकीचे पाच कोटी. मी कामाला लागलो.

पहिला संशय खालच्या मजल्यावरच्या म्हातारीवर. तिनेच पियानो बदलला असणार.

“मला किमचीचा डबा उचलत नाही, पियानो कुठला उचलतेय?” ती म्हणाली. “पण कालपासून बरं वाजतंय हो. कानाला टोचत नाही.”

हा पुरावा निरुपयोगी म्हणून मी खोडला. मग डोक्यात वीज चमकली आणि वर वहिनींकडे येऊन मी जाहीर केलं: घर गरम ठेवायला फरशीखालून गरम पाणी फिरतं, त्या उबेने सूर वितळून खाली बसलेत.

“उबेनेच,” कोपऱ्यात पँटला टीप घालणारे प्योदादा चटकन म्हणाले. समंजस माणूस.

“फरशीची ऊब एप्रिलपासून बंद आहे,” वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात गिलबाई आल्या. त्यांनी पियानोकडे एकदाच पाहिलं.

“काकू, ठिपके सरकलेत. काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून, सगळेच्या सगळे दोन पट्ट्या डावीकडे. गाणं तेच आहे, फक्त खाली उतरलंय. इतकं मापात काम कोणाचं असेल?”

दादांची सुई थांबली.

“वरचा सूर लागत नाही गं आता,” ते म्हणाले. “आवाज चिरकतो. तू दोन महिने जिवाचं रान केलंस. कुठल्या तोंडाने सांगणार होतो?”

मला तर भांडी उडण्याची धास्ती वाटत होती.

“मग दोनने भागतंय का?” वहिनींनी विचारलं.

“अजून एक असती तर...”

“काकू, अजून एक म्हणजे जवळजवळ सगळ्या काळ्या पट्ट्या येतील,” गिलबाई म्हणाल्या. “हात अवघडेल.”

“हात माझाच आहे ना. आणि तुम्ही हो, इतकी वर्षं झाली, माझ्याशी बोलता येतं ना तुम्हाला? भाऊ, सरकवा ठिपके.”

मी ते जातीने सरकवले. शनिवारी दादा असे मोकळे गायले की माझेही डोळे भरून आले. फक्त निळा रंग आला की दर वेळी पियानो कर्कश ओरडायचा, आणि वहिनी हसू दाबत पुढे जायच्या.

“निळा ठिपका कोणी चुकवला?” गिलबाईंनी माझ्याकडे बघत विचारलं.

अपराधी मी तत्क्षणी ओळखला होता. उभ्या कारकिर्दीत पहिल्यांदाच. पण असल्या मंगल प्रसंगी कोणाची अब्रू चव्हाट्यावर आणणं मला बरं दिसेना.