न आलेल्या फोनचा तपास

"मॅडम, जवळपास गुन्हा घडला की माझ्या नाकात मुंग्या येतात," प्रा. सहदेव पार्टे म्हणाले. "महाडपासून पोलादपूरपर्यंत असं दुसरं नाक नाही. आहे का?"

"नाही सर," अनुपमा म्हणाली. तिला पुढच्या वर्षी तासिका तत्त्वावर का होईना, पण नेमणूक हवी होती.

पार्टे सर शिकवायचे रसायनशास्त्र. पण 'मास्तर मी पोटासाठी, तपास माझ्या रक्तात आहे,' असं ते ओळख करून देताना सांगत. कॉलेजात हरवलेली प्रत्येक वस्तू शोधायचं काम ते आपण होऊन अंगावर घेत. त्यांतल्या बऱ्याच नंतर सापडतही, बहुतेक वेळा सरांच्याच टेबलावर. कोडं फारच अवघड निघालं तर ते जवळच्या सव गावी जाऊन गरम पाण्याच्या कुंडात बसत आणि लालबुंद होऊन, पण उत्तराशिवाय परत येत. प्राचार्यांनी त्यांना रोजगार कक्षाचं प्रमुख केलं, ते निदान नोकऱ्या तरी शोधतील म्हणून. अनुपमाला सहायक नेमलं, कारण नव्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

आताचा गुन्हा असा होता. श्रुतिका उतेकर ही बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातली, वर्गात पहिली येणारी मुलगी. पुण्याच्या एका औषध कंपनीने कॉलेजात येऊन परीक्षा घेतली, त्यातही तीच पहिली. 'निवडलेल्यांना फोन करू, फोनवर होकार मिळाला की मुलाखतीचं पत्र पाठवू,' असं सांगून कंपनीचे साहेब गेले. मग यशराजला फोन आला. तिन्ही वर्षं मागच्या बाकावर डुलक्या काढणाऱ्या हर्षदलाही आला. श्रुतिकाला मात्र नाही. आणि शनिवारी मुलाखती होत्या.

"परीक्षा होईस्तोवर नोकरी लागली तर ठीक, नाहीतर बाबा मुंबईहून येताना स्थळ घेऊनच येणार आहेत," श्रुतिका मान खाली घालून म्हणाली. तिचे डोळे भरून आले. दोन वर्षांपूर्वी अनुपमावरही हीच वेळ आली होती आणि ती कशीबशी टळली होती.

"सर, कंपनीला फोन करून विचारू या का?"

सर दचकले. "मॅडम! संशयिताला सावध करायचं? तपासात असलं चालत नाही." मग श्रुतिकाकडे वळून म्हणाले, "नंबर कोणता दिलास?"

"तुम्ही सांगितलात तसाच सर. आईचा."

सर प्रसन्न हसले. हा नियम त्यांचा स्वतःचा होता. मुलं तासाला असतात, प्रयोगशाळेत फोन बंद असतात आणि डोंगरातल्या वाड्यांवर घरात रेंज येत नाही. म्हणून घरातल्या ज्या मोठ्या माणसाला दिवसभर रेंज मिळते त्याचा नंबर अर्जावर द्यायचा. श्रुतिकाची आई चंद्रभागा दिवसभर शेळ्या घेऊन वरच्या माळावर असे आणि तिथे रेंज फर्स्टक्लास. "म्हणजे तिथे चूक होणं शक्यच नाही," असं म्हणून सरांनी तपासातली ती एकच वाट पहिल्या मिनिटात बंद करून टाकली.

पहिला संशय आला यशराजवर. "नोकरी अजून नाही आणि बूट नवे!" असं म्हणत सरांनी शिवाजी चौकापर्यंत त्याचा पाठलाग केला. बूट मामाने मुलाखतीसाठी घेऊन दिले होते आणि ते इतके चावत होते की यशराज चौकात ते हातात घेऊन उभा होता.

दुसरा संशय फोटोवर. श्रुतिका अर्जावरच्या फोटोत हसत नव्हती. "पण सर, हर्षदचा फोटो तर पोलीस चौकीत लावायला काढल्यासारखा आहे," अनुपमाने सांगितलं. सरांनी तो पाहिला आणि फाईल मिटली.

तिसरा तर्क खास रसायनशास्त्राचा. "एमआयडीसीतल्या वाफांनी फोनच्या लहरी गंजत असाव्यात." यशराजचं घर एमआयडीसीच्या भिंतीला लागून होतं, हे कळल्यावर सर सवला जाऊन कुंडात बसले.

"कंपनीला फोन करू या का?" ते परतल्यावर अनुपमाने पुन्हा विचारलं.

"घटनास्थळ पाहू या," सर म्हणाले.

घटनाच घडली नाही तर तिचं स्थळ कुठलं, हे अनुपमाने विचारलं नाही. शुक्रवारी सकाळी तिघं एसटीने पोलादपूरला उतरली आणि वाडीची चढण चढू लागली. सर दर वळणावर 'निरीक्षणासाठी' थांबत आणि निरीक्षण करताना धापा टाकत. माळावर पोहोचताच मात्र ते जमिनीवर ओणवे झाले.

"इथून कुणीतरी घाईघाईने गेलंय. गोल, काळसर अवशेष. काहीतरी जाळून पुरावा नष्ट केलाय."

"सर, त्या लेंड्या आहेत," श्रुतिका हळूच म्हणाली.

एवढ्यात बांधावर बसलेल्या चंद्रभागाबाईंचा फोन वाजला. लेक आणि तिचे मास्तर दिसताच त्या उठल्या होत्या. त्यांनी हातानेच 'या, बसा' केलं आणि फोन कानाला लावला.

"परत तुमीच? साहेब, माणूस बरे दिसताय, पण मी दोनदा सांगितलं ना? पोरीला नोकरी लागल्याबिगर आमी कुणाशी बोलणी करत नाय. आणि ते रात्रीचं काय इचारलंत, ते पुन्हा तोंडातून काढू नका. आमचं घर तसलं नाय. ठेवा फोन!"

सर अजून लेंड्यांपाशीच होते.

"आये, कुणाचा फोन होता?" श्रुतिकाने विचारलं.

"कुणाचा नाय."

"आये!"

"अगो, तूच बोललीस ना? नोकरी लागंपर्यंत स्थळाचा विषय माझ्या कानावर नको. मी शब्द दिला, तो पाळतेय." चंद्रभागाबाई तावातावाने बोलू लागल्या. "पुण्याचा मानूस हाय कोणी. मुलगी आमाला पसंत हाय म्हणतो. शिकलीय किती, पुण्याला ऱ्हायला येईल का, घरच्यांची हरकत नाय ना, सगळं इचारलं. मंग म्हणतो, रात्रीचं थांबायला चालंल का. मी असा झाडला त्याला!"

अनुपमाने डोक्याला हात लावला. मुलीबद्दल परका माणूस आईला असे प्रश्न विचारतो, तेव्हा तो मुलाचा बाप किंवा काका असतो. या खोऱ्यात दुसरा कोण असणार? श्रुतिकाने आईच्या हातातून फोन घेतला आणि तोच नंबर स्पीकरवर लावला.

"श्रुतिका उतेकर? स्वतः?" पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू आला. "मॅडम, आज यादी बंद करायची होती. परीक्षेत पहिल्या आलात म्हणून तिसऱ्यांदा फोन केला. आजवर एवढ्या मुलांना नोकऱ्या दिल्या, पण नोकरी लागल्यावर नोकरीचं बघू, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि आईंना सांगा हो, मी रात्रपाळीबद्दल विचारत होतो."

"मी तुझ्या तोंडचा घास काढला असता गो," चंद्रभागाबाई रडू लागल्या.

"नाय आये." श्रुतिका त्यांच्या गळ्यात पडली. "तू शब्द पाळलास. माझ्यासाठी पुण्याच्या साहेबाला झाडलंस." अनुपमालाही रडू आवरेना. तिच्या वेळी फोन घेणारं असं कुणी नव्हतं.

"माझा रोख पहिल्यापासून आईंच्या फोनवरच होता," सर गुडघे झाडत म्हणाले. मग त्यांनी एका शेळीकडे बघून मान हलवली.

शनिवारी मुलाखत झाली आणि पुढच्या आठवड्यात श्रुतिकाचं नेमणुकीचं पत्र आलं. सरांनी फलकावर सूचना लावली, 'पुण्याहून येणारा प्रत्येक फोन पालकांनी नोकरीचाच समजावा.' अनुपमाने ती दुपारी काढून टाकली.

पण सूचना वाडीपर्यंत पोहोचली होती. श्रुतिका पुण्याला निघाली त्या दिवशी अनुपमा निरोप द्यायला माळावर गेली, तेव्हा चंद्रभागाबाईंचा फोन वाजला. या वेळी खरोखरच पुण्याचं स्थळ होतं, बाबांनीच मुंबईहून नंबर दिलेलं. चंद्रभागाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पदर नीट केला आणि म्हणाल्या,

"मुलाची माहिती पाठवून द्या. शिक्षण, काम, सगळं. आमच्याकडं पयली परीक्षा असते, मंग मुलाखत. पोरीची रात्रपाळी असली तर मुलगा एकटा सैपाक करून जेवंल का?" पलीकडचा माणूस काहीतरी पुटपुटला. "बरं, बरं. निवड झाली तर आमीच फोन करू."