टकटकत्या डिस्कवरील मोहिमेची हकीकत

कागद जीर्ण होतात, दगड झिजतात, आणि माणसाची स्मृती तर दुपारची एक डुलकी लागली तरी दगा देते. याकरिता घडले ते जैसेच्या तैसे, पदरचे तिखटमीठ न लावता, येथे लिहून ठेविले आहे. वाचणारांनी चष्मा पुसून वाचावे.

बाईसाहेब टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षे ऑपरेटर होत्या. निवृत्त होताच त्यांनी शब्दकोड्यांचा मुलूख काबीज केला, आणि अकरा वर्षांत साप्ताहिकाकरिता पाचशे बहात्तर कोडी रचली, आणि तो अवघा खजिना घरच्या संगणकाच्या एकल्या हार्ड डिस्कवर नांदत होता. दुसरी प्रत त्रिभुवनात नव्हती. पैकी निवडक दोनशे कोड्यांचे पुस्तक शुक्रवारी छापखान्याकडे रवाना व्हावयाचे. आणि बुधवारी सकाळी, हातातला चहा निवतो न निवतो तोच, डिस्कच्या पोटातून टक टक ऐसा आवाज येऊ लागला, जैसा कोणी बंदिवान आतून दार ठोठावितो.

तेव्हा दुरुस्तीवाल्यास पाचारण जाहले. त्याने वैद्याप्रमाणे पेटीस कान लाविला आणि मान हालविली. "मावशी, हिचं काही खरं नाही. वाचेल तेवढं आजच काढून घ्या," ऐसे बोलून, एक कोरी डिस्क आणि ती बाहेरून जोडण्याची केबल ठेवून, दुसरे गिऱ्हाईक खोळंबले म्हणोन त्याने कूच केले.

नुसती कोडी उचलोन भागणारे नव्हते. ती रचण्याचा जो प्रोग्रॅम, तो इतका पुरातन की तो करणाऱ्या कंपनीचाही मागमूस उरला नव्हता. यास्तव जुनी डिस्क समूळ, शेंडीपासून टाचेपर्यंत, नव्या डिस्कवर उतरविणे प्राप्त होते. मग बाईसाहेबांनी मसलत करोन इंटरनेटाचा मुलूख धुंडाळिला, आणि याच कामाचे एक सॉफ्टवेअर, फुकट आणि नेक, हस्तगत केले, आणि ते पेन ड्राइव्हवर चढविले, आणि त्याची चौदा पानी माहिती छापून, तांबड्या पेन्सिलीने ओळी ओढीत, दोन वेळा वाचिली.

इतक्यात खबर लागून लेक आणि जावई हजर जाहले. जावयांस घरात माहीतगार म्हणत. कारण सूर्याखाली ऐसा विषय नव्हता की ज्याचा आरंभ त्यांनी "मला माहीत आहे" याने केला नाही.

नवी डिस्क केबलीने बाहेरून जोडून पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करिताच काळा पडदा आला, त्यावर पांढरी अक्षरे, आणि त्यांत दोन डिस्का, एकावर एक, आकाराने सारख्या, नावात एका अक्षराचा फरक. सॉफ्टवेअराने सवाल केला, की कोणतीवरून कोणतीवर नक्कल करावयाची? येथे बोट चुकले तर कोरी डिस्क भरल्या डिस्कवर चढेल, आणि पाचशे बहात्तर कोड्यांची पाटी एका दमात पुसली जाईल, ऐसा बाका प्रसंग.

"आई, वरची जुनी, खालची नवी. मला माहीत आहे. नेहमी तसंच असतं. दाबा तुम्ही," जावई बोलिले.

बाईसाहेबांचे बोट बटणावर टेकले होते. परंतु समोरच्याने सांगितलेला नंबर त्यालाच परत वाचून दाखविल्याविना लाइन जोडू नये, हा ऑपरेटरीचा धर्म त्यांच्या हाडीमासी खिळला होता. बोट मागे आले.

"थांबा जरा. नव्या डिस्कच्या पाठीवर नंबर आहे, तो वाचा बघू."

जावयांनी एकेक अक्षर वाचिले, आणि बाईसाहेबांनी पडद्याशी ताडून पाहिले. तो नंबर वरच्या डिस्कचा निघाला. नवी ती वर, जुनी ती खाली.

लेकीने पदराआड तोंड लपविले, आणि ती हसते की खोकते याचा निर्णय आजतागायत लागला नाही.

"आई, ही केबल सैल आहे," जावई हळूच म्हणाले. "मी धरून बसतो."

हा अर्ज तत्काळ मंजूर जाहला. मग बाईसाहेबांनी जुनीवरून नवीवर ऐसा हुकूम दोनदा कायम केला आणि नक्कल सुरू जाहली. चाळिसाव्या टक्क्यास जुनी डिस्क अडखळली, घरघरली. परंतु खराब जागा ओलांडून पुढे जावे ही तजवीज नवव्या पानाबरहुकूम आधीच केली होती, म्हणोन गाडे चालिले. एकाहत्तराव्या टक्क्यास निराळेच संकट उद्भवले. जावयांचे दोन्ही हात केबलीस जखडलेले, आणि लेक दाराशी, चौकशीस आलेल्या शेजारीणबाईंस थोपवीत उभी.

"आई, नाक."

"डावीकडे की मधे?"

"शेंड्यावर."

तेव्हा बाईसाहेबांनी तांबड्या पेन्सिलीच्या बोथट टोकाने जावयांचे नाक खाजविले. सासूने जावयाची ऐसी खिदमत केल्याचा दाखला मागे कोठे सापडत नाही. मग दोघांसही हसू कोसळले, आणि हात हालू नयेत म्हणोन जावई ओठ चावून हसले, आणि बाईसाहेबांनी खुर्ची धरिली.

चार वाजता शंभर टक्के भरले. जुन्या डिस्कने दोन वेळा टक केले आणि मौन धरिले. खिंड लढवावी, मागचे सारे पार झाल्यावरच देह ठेवावा, तैसे तिने केले. बाईसाहेबांनी तीस धुतल्या रुमालात गुंडाळिली.

मग नवी डिस्क पेटीत बसविली आणि संगणक उठला, आणि जुना प्रोग्रॅम उघडला, आणि कोडी मोजिली. पाचशे एकाहत्तर शाबूत. तीनशे अठरावे कोडे तेवढे कामी आले. ते पुस्तकात घ्यावयाचे नव्हते, तरी बाईसाहेबांनी त्याचा क्रमांक तांबड्या पेन्सिलीने टिपून ठेविला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. पुस्तक शुक्रवारी छापखान्यात पोचले, आणि आणखी एक नक्कल काढून लेकीच्या कपाटात बंदोबस्ताने ठेविली.

पुढील सोमवारी जावयांचा फोन आला. त्यांच्या लॅपटॉपातूनही टक टक ऐसे काही येत होते, आणि काय करावे हे, प्रथमच, त्यांस माहीत नव्हते. त्यावर बाईसाहेबांचे फर्मान सुटले, ते असे:

"घेऊन या. आधी नंबर वाचू, मग बोलू."