तहानलेला पूल

जगदाळे रावसाहेब लग्नाला गेले की आधी खांबाला भेटत, मग यजमानांना. रहिमतपुरात अक्षता पडत असताना त्यांनी नव्या कार्यालयाच्या खांबावर बोटानं टकटक केलं आणि मालकाला विचारलं, स्लॅबला पाणी किती दिवस मारलंत? तीन, असं उत्तर आलं. रावसाहेब न जेवता घरी आले.

साताऱ्याच्या बांधकाम कचेरीत ते ओव्हरसियर आणि मी कारकून. ओतलेलं काँक्रीट पुढं बरेच दिवस भिजत ठेवायचं, नाहीतर भेगा पडून आतली सळई गंजते, हे सगळ्याच इंजिनिअरांना ठाऊक असतं. रावसाहेब ते खरं मानत, एवढाच त्यांचा वेडेपणा. घरचा ऊस होता. म्हणत, "उसाला पाणी चुकलं तर साखर कमी, ह्येला चुकलं तर आयुष्य कमी." भर उन्हात स्लॅबवरची ओली पोती चाचपत फिरायचे आणि "तान लागलीय त्येला" म्हणून मुकादमाला पळवायचे. मूलबाळ नव्हतं. कचेरी हसायची.

बहात्तरच्या दुष्काळात म्हसवडकडच्या एका ओढ्यावर त्यांचा पूल चालू होता. नातवंडांची नातवंडं यावरनं जातील, असं ते सांगत सुटले होते. बढतीही त्या पुलावरच अवलंबून होती. पुलासाठी टँकर येई. तिथंच खडी फोडणाऱ्या बाया घागरी घेऊन उभ्या राहत आणि रावसाहेब त्यांना हुसकावून लावत. मी हजेरीपट घेऊन गेलो होतो, त्या दिवशी एक म्हातारी म्हणाली, "आवं रावसाहेब, दगूड पाणी पितोय अन् लेकरं बघत बसल्यात."

रावसाहेबांनी टँकरचा नळ स्वतःच बायांच्या घागरींत सोडला. त्यानंतर पुलाला थेंबही मिळाला नाही.

भेगा पडल्याच. चौकशीला साहेब आले, जीपमध्ये सोड्याच्या बाटल्या घेऊन. टँकर आलाच नाही, असं सांगायला त्याचा ड्रायव्हर तयार होता. रावसाहेबांनी त्याला मागं सारलं. "पाणी मी वाटलं," एवढंच बोलले. बढती दुसऱ्याला मिळाली. त्यानं जन्मात कधी ओलं पोतं हातात धरलं नव्हतं. त्या कचेरीची मला आजही किळस येते.

ते निवृत्त झाल्यावर एकदा मी सायकलनं त्या पुलावरून चाललो होतो. रावसाहेब ओणवे होऊन बादलीनं भेगांवर पाणी घालत होते. खाली ओढा भरून वाहत होता. मी चिडूनच म्हणालो, आता याचा काडीचा उपयोग नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.

"न्हाईच उपयोग," ते म्हणाले. "पर तवा त्येच्या तोंडचं काढून दिलं हुतं मी."

आणि रिकामी बादली घेऊन ते पुन्हा ओढ्यात उतरले.