उसन्या जिभेची वाइन

"पुणेकर, जीभ घेऊन या!"

रविवारी सकाळी गच्चीवरून ही हाक आली की आमच्या घरात पळापळ व्हायची. मी घाईघाईनं तोंडाला साबण फासून दाढीला बसायचो, बायको कुठलीतरी पोथी उघडायची. पण मुकुंदकाका आमचे घरमालक. घरमालकाला 'आज जीभ नाही' म्हणणारा भाडेकरू अजून जन्माला यायचाय. जावंच लागे.

वर गेलं की स्टीलचं फुलपात्र पुढे यायचं. तळाशी बोटभर पांढरी वाइन. अनाबशाही द्राक्षांची, काकांनी घरी केलेली. पण स्वतः काकांनी तिचा थेंबही कधी चाखलेला नव्हता. घराणं मूळ नांदेडकडचं, निजामाच्या काळापासून हैदराबादेत. चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर. तेव्हा वाइन करायची काकांनी आणि सोसायची आम्ही.

"कशी लागायलीय? खरं सांगा बरं."

खरं सांगायचं तर पहिल्याच घोटाला कान हलायचे. दात आंबून जायचे. पण काका फुलपात्राकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत बसायचे, परीक्षेच्या निकालाची वाट पाहावी तसे.

"छान आहे."

"छान म्हंजे कशी?"

"म्हणजे... जाग आणणारी."

काका खूश. वाइन करायची कशी, हे त्यांनी कुणालाच विचारलेलं नव्हतं. बरणीत जे मुरवायचं त्याला रोज ऊन दाखवायचं, एवढं त्यांना आईकडून ठाऊक होतं. म्हणून लिंबाच्या लोणच्याशेजारी वाइनची चिनी मातीची बरणी गच्चीत. तोंडाला धुवट धोतराचं फडकं. अंघोळ करून, सोवळ्यात, रोज लाकडी पळीनं ढवळायचं. तिकडे दिल्लीत बाजार खुला होत होता, इकडे विद्यानगरात काकांची बरणी. "मुरायलीय," ते समाधानानं म्हणत. हा त्यांचा आवडता शब्द. टेलिफोनचा अर्जही मुरत होता, भाचीचं लग्नही मुरत होतं.

नव्या जमान्यातली एकच गोष्ट काकांना मनापासून पटली होती. परदेशी कोलाच्या मोठ्या प्लास्टिकच्या बाटल्या. त्या घासूनपुसून, वाइन भरून ते दिवाळीच्या फराळाबरोबर घरोघर वाटत. कोठी भागातला मेहुणा, नामपल्लीची मावसबहीण, कुणी सुटत नसे. आमच्याकडे तिच्यात कांदे बुडायचे. नामपल्लीला म्हणे पितळेच्या समया लख्ख निघत. पण तोंडावर सगळ्यांचं एकच, छान.

नाताळच्या दिवशी काका इस्त्रीचा सदरा घालून आमच्या दारात उभे. हातात बाटली, आणि ती चक्क काचेची.

"पुणेकर, स्कूटर काढा. सिकंदराबादला जायचंय. सुधाकडं."

काकांना सुधा नावाची मुलगी आहे, हे मला त्या क्षणी कळलं. बाकीचं स्कूटरवर, माझ्या कानामागून कळत गेलं. सुधानं बँकेतल्या एका तेलुगू ख्रिश्चन मुलाशी लग्न केलं. काकांनी कसाबसा होकार दिला. लग्नाच्या संध्याकाळी विहीणबाईंनी घरी केलेल्या वाइनचा ग्लास त्यांच्यापुढे धरला.

"त्यांच्यात ती म्हंजे आपला तिळगूळ, हो. अन् मी ग्लास हातानं सारला. 'आमच्यात हे चालत नाही,' म्हणालो. चारचौघांत. पोरीनं मान खाली घातली. तेव्हापासून सणावाराला ती येईना, अन् मला जायला तोंड नाही." स्कूटर सिग्नलला थांबली होती. "आता घरची वाइन घेऊनच जायलोय. माझ्या हातची. तुम्ही सगळे छान म्हणता, म्हणून धीर झाला."



"काका, जरा ऐका..."

"काय?"

सिग्नल सुटला. मागून भोंगे वाजायला लागले. माझं सांगणं राहून गेलं.

दार सुधानंच उघडलं. "बाबा?" म्हणून ती तिथेच खिळली. काकांना तिच्याकडे बघवेना. ते सरळ आत गेले आणि सोफ्यावर बसलेल्या ग्रेसम्मांपुढे, म्हणजे विहीणबाईंपुढे, बाटली धरली. "मैं बनाया. घर में."

ग्रेसम्मांनी ग्लास मागवला, ओतून घेतली आणि एक चांगला मोठा घोट घेतला. त्यांचे डोळे मिटले. खांदे हलले. मग त्या अशा हसायला लागल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"भाईसाब, ये तो सिरका हो गया, विनेगर! धूप में रखे क्या?"

"हौ. रोज."

"रोज!" त्यांना पुन्हा हसू फुटलं.

"पन सब लोकां छान बोले..."

"सब झूट बोले."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. त्या माणसाचं तोंड एवढंसं झालं होतं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

ग्रेसम्मा उठल्या आणि आतून आपल्या वाइनचा ग्लास भरून आणला. काकांपाशी आल्या, थबकल्या. काहीतरी आठवलं असावं. ग्लास त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "आपकू तो चलती नहीं," काकांना म्हणाल्या. बोलण्यात टोमणा नव्हता, उलट काळजीच होती.

काकांनी हात लांब करून माझ्यापुढचा ग्लास उचलला. डोळे घट्ट मिटले, आणि काढा घ्यावा तशी अर्धी वाइन घशाखाली उतरवली. जन्मात पहिल्यांदा. मग ते वळले. "सुधे," म्हणाले, "चुकलो गं मी त्या दिवशी."

सुधा पुढे आली. तिनं त्यांच्या हातातला ग्लास घेतला आणि उरलेली वाइन, बापाची उष्टी, उभ्याउभ्याच तोंडाला लावली.

"सावकाश गं," काका म्हणाले. "ठसका लागेल."