स्वागताचा मांडव

पाद्री हान यांच्या घरी त्या सकाळी नाश्त्याला भात होता, किमची होती आणि सोलहून आलेला फोन होता. फोन संपला तेव्हा भात गार झाला होता आणि पाद्रीसाहेबांचा चेहरा उतरला होता.

"चूसाहेब येताहेत," ते बायकोला म्हणाले. "शुक्रवारी. तीन दिवस."

"येऊ देत की," मिजॉंग म्हणाली. "जास्तीची गादी आहे आपल्याकडे."

"अगं, गादीचं काय घेऊन बसलीस! मुख्य मंडळीचे कारभारी आहेत ते. आपलं काम तपासायला येताहेत. प्रार्थनेला मांडी घालून बसलेला गाव दिसला, तर इथं पक्कं चर्च बांधून देणार, वर लाल दिव्यांचा क्रूस. नाही दिसला, तर गाशा गुंडाळा आणि सोलला परत या. आणि परत गेल्यावर मला कुणाच्या हाताखाली घालणार, माहीत आहे? युनच्या!"

युन हा पाद्री हान यांचाच विद्यार्थी. त्याला प्रवचन कसं करावं हे त्यांनीच शिकवलं होतं, आणि तो ते त्यांच्याहून चांगलं करायला लागला, हा त्याचा अपराध होता.

"मग दाखवा त्यांना भरलेला गाव," मिजॉंग म्हणाली.

"कुठून दाखवू?"

"तेच तर मी चार वर्षं विचारतेय."

ह्या परक्या बौद्ध देशातल्या खेड्यात चार वर्षांत पाद्रीसाहेबांच्या कळपात दोन मेंढरं जमली होती. एक स्वयंपाकीण थोंगबाय आणि दुसरी तिची म्हातारी आई. म्हातारीला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे प्रवचनाचा तिला त्रास नव्हता, आणि थोंगबायला पगार मिळत होता. सोलला मात्र पाद्रीसाहेब नेमानं कळवत, 'गाव जागं होत आहे.' हे अगदीच खोटं नव्हतं. गाव रोज पहाटे जागं होई, भिक्खूंच्या पात्रात चिकट भाताचे गोळे घाली आणि शेतावर निघून जाई.

गावकऱ्यांनी त्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं. "रविवारी या हं," असं पाद्रीसाहेब म्हणाले, की सगळे हात जोडून "हो, हो, येतो की" म्हणत आणि येत नसत. पाद्रीसाहेबही कुणाकडे जात नसत. बारशाला मनगटाला दोरा बांधतात, म्हणून बारशाला नाही. घरभरणीला भिक्खू येतात, म्हणून घरभरणीला नाही. आणि मयताला तर मुळीच नाही, कारण तिथे भिक्खू, उदबत्त्या, पत्ते आणि दारू असा सैतानाचा सगळा संसारच मांडलेला असतो. गावात कुणी गेलं, की ते खिडक्या लावून घेत आणि पेटीवर मोठ्यानं स्तोत्रं वाजवत. शेजारच्यांनी ते चार वर्षं ऐकून घेतलं. त्यांच्या जागी आपण असतो तर पेटी दुसऱ्याच दिवशी विहिरीत गेली असती.

पाहुण्याचं स्वागत आपल्या देशाच्या रीतीनं, थाटात करायचं, असं पाद्रीसाहेबांनी ठरवलं. त्यांच्या देशात दुकान उघडो, लग्न असो की चर्चचा वाढदिवस, दारात माणसाच्या उंचीची फुलांची चक्रं उभी करतात. ते तालुक्याच्या गावी मांडववाल्याकडे गेले.

"मोठा मांडव हवाय," ते म्हणाले. "तीन दिवस. माझ्याच अंगणात."

"माणसं किती येतील?"

"अख्खा गाव यायला हवा."

"येणारच की," मांडववाला म्हणाला. "अशा वेळी कोण घरी बसतंय? फुलांची चक्रं?"

"सहा. चांगली उंच. आणि ह्यांचा फोटो मोठा करून मध्यभागी लावा." पाद्रीसाहेबांनी मोबाइल पुढं केला. चूसाहेबांचा तो फोटो वीस वर्षांपूर्वीचा होता. काळा कोट, आवळलेले ओठ, आणि डाव्या गालावर चामखीळ.

मांडववाल्यानं फोटोला हात जोडले. "वय काय?"

"एकोणऐंशी."

"म्हणजे सगळं बघून झालंय. काही काळजी करू नका, साहेब. तुम्ही परदेशी माणसं, धावपळ करू नका. मी सगळं रीतीप्रमाणे करतो."

"रीतीप्रमाणेच हवं," पाद्रीसाहेबांनी बजावलं.

शुक्रवारी सकाळी मांडव उभा राहिला. कडेनं काळ्या-पांढऱ्या कापडाच्या झालरी लागल्या. पांढऱ्या फुलांची सहा चक्रं रांगेत उभी राहिली. मध्यभागी उंच चौरंगावर सोनेरी चौकटीत चूसाहेब बसले, आणि त्यांच्याभोवती बारीक दिव्यांची माळ लुकलुकू लागली. त्या अख्ख्या तालुक्यात हे काय आहे ते ओळखू न शकणारा माणूस एकच होता, आणि तो मांडवाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून समाधानानं हसत होता.

"अहो," मिजॉंग म्हणाली, "हे काळं-पांढरं जरा कसंतरीच दिसतंय."

"साधेपणा म्हणतात त्याला. तुला शोभेतलं काय कळतं!"

थोंगबाय भाजी घेऊन आली आणि फाटकातच थबकली. तिनं फोटोकडे पाहिलं, पाद्रीसाहेबांकडे पाहिलं, भाजीची टोपली खाली ठेवली आणि डोळे पुसत गावाकडे पळत सुटली.

"बघितलंस?" पाद्रीसाहेब बायकोला म्हणाले. "नुसत्या चेहऱ्याचा एवढा प्रभाव!"

दुपारपर्यंत गाव लोटला. काळे कपडे घालून बाया आल्या, प्रत्येकीच्या हातात भाताची टोपली. पुरुषांनी मागच्या अंगणात चुली पेटवल्या आणि एक गाय कापली. न सांगता कुणी खुर्च्या मांडल्या, कुणी बर्फ आणला, कुणी लसूण सोलायला बसलं. पाद्रीसाहेब पायरीवर उभे राहून बघत होते. "द्वार उघडलं!" ते पुटपुटले. "चार वर्षांनी द्वार उघडलं!"

तेवढ्यात गाडी आली आणि गाडीतून काठी टेकत चूसाहेब उतरले.

सगळ्यांनी फोटोकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. गावचा मुखिया खामसिंग पुढं झाला आणि त्यानं चूसाहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"थोरला भाऊ दिसतोय," मागे एक बाई हळहळली. "धाकटा गेला आणि हा राहिला. काय म्हणावं देवाला!"

बायांनी चूसाहेबांना खुर्चीवर बसवलं. एकीनं वारा घातला, एकीनं पाठ चोळली, आणि एका आजीनं आपली हुंगायची कापराची नळी थेट त्यांच्या नाकपुडीत घातली. गावची भाषा चूसाहेबांना कळत नव्हती. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की अनोळखी माणसं आपल्याला पाहून रडताहेत.

"हान," ते भरल्या आवाजात म्हणाले, नळी अजून नाकातच होती, "चाळीस वर्षांत माझं असं स्वागत कुठे झालं नाही."

संध्याकाळी प्रार्थना झाली. सोलच्या रीतीप्रमाणे चूसाहेबांनी "हे प्रभू!" अशी आरोळी ठोकली आणि जमिनीवर मुठी आपटत मोठमोठ्यानं रडून प्रार्थना सुरू केली. ते पाहून गावाला राहवेना. भाऊ गेलेला माणूस असा ऊर बडवून घेतोय म्हटल्यावर बाया ओक्साबोक्शी रडू लागल्या. पाद्री हानही रडले. त्या सगळ्या रडणाऱ्यांत खरा आनंद एकट्या त्यांनाच झाला होता, आणि तो फार वेळ टिकणार नव्हता.

जेवणं झाल्यावर पुरुषांनी कोपऱ्यात पत्त्यांचे डाव मांडले. गावात एरवी पत्त्यांना पोलीस हरकत घेतात, मयताच्या घरी मात्र काणाडोळा करतात. चूसाहेबांनी चष्मा सावरला.

"ते काय करताहेत?"

पाद्रीसाहेबांनी तिकडं पाहिलं. "वचनं," ते म्हणाले. "प्रत्येक पत्त्यावर एकेक वचन. पाठांतर चाललंय."

"केवढी चुरस आहे!" चूसाहेब म्हणाले. कोपऱ्यात तेवढ्यात एकानं दुसऱ्याची गचांडी धरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खामसिंगनं पाद्रीसाहेबांना हळूच चुलींमागे नेलं.

"साहेब, विचारू नये, पण गाव विचारतंय. मढं कधी येणार?"

"कुणाचं मढं?"

"फोटोतल्या काकांचं. लाकडं फोडून ठेवलीयेत. विमान किती वाजता येतंय ते कळलं असतं, तर बरं झालं असतं."

पाद्री हान यांनी झालरीकडे पाहिलं. चक्रांकडे पाहिलं. फोटोभोवतीच्या दिव्यांकडे पाहिलं. चार वर्षांत जे शिकायचं राहिलं होतं ते त्यांना एका क्षणात कळलं. मांडवात चूसाहेब खुर्चीवर बसले होते, त्यांच्याभोवती अख्खा गाव होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पक्कं चर्च अगदी स्पष्ट दिसत होतं, लाल दिव्यांसकट. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पाद्रीसाहेबांनी ते गिळलं.

"त्यांचं सगळं सोललाच आहे," ते म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं, याचं त्यांना स्वतःलाच फार कौतुक वाटलं.

"असं होय," खामसिंग म्हणाला. "मग उद्या फोटो आणि अंगावरचा एखादा कपडा जाळू. मढं मिळालं नाही की आमच्यात तसंच करतात. कपडा द्या म्हणजे झालं."

पाद्रीसाहेब धावत बायकोकडे गेले. मिजॉंगनं सगळं ऐकून घेतलं.

"सांगून टाका त्यांना," ती म्हणाली. "आत्ता. माणूस जिवंत आहे हो!"

"एक दिवस! फक्त एक दिवस. उद्या संध्याकाळी ते चर्च जाहीर करणार आहेत."

"आणि सकाळी त्यांनाच जाळणार आहेत."

"फोटो जाळणार आहेत," पाद्रीसाहेबांनी दुरुस्ती केली.

कपड्याची व्यवस्था कुणाला करावीच लागली नाही. खामसिंग खुणा करत चूसाहेबांकडे गेला, त्यांच्या कोटाला हात लावला आणि हात जोडले. चूसाहेबांना वाटलं, कुणा गरिबाला कोट हवाय. त्यांनी तो काढून दिला, अगदी उत्साहानं. सगळ्या गावानं मान डोलावली. भावाच्या वस्तू स्वतःच्या अंगावर घालून फिरतोय बिचारा, असंही कुणी म्हणालं!

रविवारी गाव मिरवत ओढ्याकाठी गेला. पुढं फोटो, मागं कोट, त्यामागं चूसाहेब, आणि सगळ्यांच्या मागं पाय ओढत पाद्री हान. लाकडं रचलेली होती. त्यावर कोट पसरला, कोटावर फोटो ठेवला. आता मात्र चूसाहेबांच्या कपाळाला आठी पडली.

"हान, हे काय?"

पाद्रीसाहेबांनी उत्तर देण्याआधीच खामसिंगनं काडी लावली. चूसाहेबांच्या हनुवटीनं पेट घेतला, मग ओठांनी, मग चामखिळीनं. बाया रडायला लागल्या. पाद्री हान यांनी डोळे मिटून घेतले आणि युनच्या खोलीतली कोपऱ्यातली खुर्ची डोळ्यांसमोर आणली.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा चूसाहेब गुडघ्यावर बसले होते.

"वीस वर्षं!" ते हुंदके देत म्हणाले. "वीस वर्षं हा फोटो मी चर्चच्या दारात टांगून ठेवलाय. येणारा प्रत्येकजण आधी मला नमस्कार करतो, मग देवाला. आणि ह्या लोकांनी दोन दिवसांत ओळखलं! माझा गर्व जाळला, हान, माझ्यासमोर जाळला! आज माझ्यातला जुना माणूस मेला!"

"साहेब, तसं नाही," पाद्री हान म्हणाले. एवढं भव्य यश पाहून त्यांची छाती दडपली होती. "पक्क्या चर्चचं..."

"चर्च?" चूसाहेब उभे राहिले. "कसलं चर्च? कापडाच्या मांडवाखाली जे मी पाहिलं, त्यावर सिमेंट ओतू? कधीच नाही! आणि तुमचं इथलं काम पूर्ण झालंय, हान. पीक कापून खळ्यात आलंय. इथं आता मी राहतो. उरलेलं आयुष्य ह्या लोकांच्या पायाशी बसून काढीन. तुमच्यासारख्या माणसाला जिथं कुणीच नाही तिथं पाठवायला हवं. बोर्निओत नदीच्या वरच्या अंगाला एक वस्ती आहे. तिथं कुणी जायला तयार होत नाही."

तेव्हा मात्र पाद्री हान खरं बोलले. मांडव, चक्रं, पत्ते, मढं, सगळं सांगितलं. लोकांनी तुम्हाला मेलेले समजून अंत्यविधी केला, असंही शेवटी सांगून टाकलं.

चूसाहेबांनी त्यांना मिठी मारली. "एवढं यश मिळूनही श्रेय नको म्हणताय! धन्य आहे तुमची. बोर्निओच योग्य."

आठवड्यानं सामान गाडीत चढलं. चूसाहेब ओसरीवर आजीची कापराची नळी नाकात घालून बसले होते आणि शेजारणी त्यांना आळीपाळीनं जेवण आणून देत होत्या. भाऊ गेलेल्या माणसाला एकटं सोडायचं नसतं, असं त्या म्हणत. खामसिंग दोरीची गाठ आवळायला आला.

"मुखिया," पाद्री हान म्हणाले, "मला तुम्हाला एक कबूल करायचंय. कुणी मेलं नव्हतं. भाऊबिऊ कुणी नाही, तो फोटो ह्यांचाच होता."

"माहीत आहे की," खामसिंग गाठ आवळत म्हणाला. "दोन भावांच्या एकाच गालावर एकच चामखीळ? आम्ही शेतकरी आहोत साहेब, आंधळे नाही. पहिल्याच रात्री कळलं. मढ्याचं विचारलं, ते तुम्ही खरं सांगता का बघायला."

"मग बोलला का नाहीत?"

"गाय कापून झाली होती. कुणी मेलं नाही म्हणून ती परत उठून उभी राहणार होती का? आणि दुःख तर तुम्हाला होतंच. चार वर्षांत तुमच्या दारात माणूस आलं नव्हतं. म्हटलं, आलोच आहोत तर बसू तीन दिवस."

मिजॉंग गाडीत बसल्या बसल्या रडत होती, आणि तिनं ते लपवलं नाही.

"एक सांगू का?" खामसिंगनं गाडीच्या टपावर थाप मारली. "तिकडं गेल्यावर चार वर्षं घालवू नका. पहिल्या महिन्यातच कुणाला तरी मारा, गाव आपोआप येईल. आणि तेही जमत नसेल, तर दुसऱ्याच्या मयताला जा. मांडवाचं भाडंही लागत नाही."