इमारतीची सरासरी प्रतिकारशक्ती

भूगोलाच्या मास्तरांना आतड्याच्या दाहाचा जुना विकार होता. त्यांची प्रतिकारशक्ती त्यांच्याच आतड्यावर चाल करून जाई आणि तिला आवर घालण्यासाठी ते रोज एक गोळी घेत. ही बाब खासगी होती. मग विषाणूची साथ आली आणि सर्व खासगी बाबी इमारतीच्या समितीकडे वर्ग झाल्या.

समितीने इमारतीची सरासरी प्रतिकारशक्ती वाढवण्याचा संकल्प सोडला. रहिवासी गच्चीवर अंतर राखून खोल श्वास घेऊ लागले, कडू अर्क पिऊ लागले आणि एकमेकांकडे सशस्त्र राष्ट्रांप्रमाणे पाहू लागले. अशा भारलेल्या वातावरणात फाटकावर मास्तरांच्या औषधाचे पार्सल आले. सेक्रेटरींनी ते जंतुनाशकाने पुसले आणि पुसता पुसता वाचलेही.

"मास्तर, हे औषध प्रतिकारशक्ती कमी करतं?" त्यांनी फोनवर विचारले.

"हो. माझी जरा जास्तच उत्साही आहे."

"अहो, आम्ही इथे घाम गाळून वाढवतोय आणि तुम्ही घरबसल्या कमी करताय?"

"गोळ्या संपल्यात, साहेब. डॉक्टर म्हणतात, मनाने बंद करायच्या नाहीत."

"मनाने कुठे? ठरावाने करू."

पार्सल फाटकावरच विलगीकरणात राहिले. यथावकाश मास्तरांचे पोट पेटले. संडासाच्या उंच खिडकीतला आकाशाचा तुकडा एवढाच नकाशा त्यांना उरला. वारंवार पाणी सोडल्याचा आवाज खालच्या मजल्याने कळवला. जुलाब हे साथीचेही लक्षण असल्याने मास्तरांच्या दाराला बाहेरून दोरी बांधण्यात आली. संशयित रुग्णाला प्रतिकारशक्ती घटवणारे औषध देणे हा तर उघड घातपात ठरला असता.

शेवटी मास्तरांच्या बायकोने समितीच्या ऑनलाइन, पडद्यावरच्या सभेत तोंड उघडले. "यांचा आजार म्हणजे काय, सांगू? राखणीला ठेवलेली फौज घरच्याच माणसावर तुटून पडते."

"भयंकर," सेक्रेटरी कळवळले. "मग उपाय?"

"तुमच्या फाटकावर पडलाय. समितीलाही पुरेल एवढा आहे."

समितीला हे लागले. पार्सल परत पाठवण्याचा ठराव मांडला गेला आणि पुढच्याच आठवड्यात मास्तर रक्ताळलेल्या चादरीसह रुग्णवाहिकेतून गेले. सरासरी लक्षणीय वाढली.

ठरावाला विरोध झाला नाही. पडद्यावरच्या, कॅमेरा बंद ठेवलेल्या एका काळ्या चौकटीला मात्र हे बरे वाटले नव्हते. पण आवाज बंद असल्याने तिचे मत नियमानुसार होकारार्थी धरले गेले. सभा संपल्यावर ती चौकट बराच वेळ हळहळली, हे तुम्ही नाकारणार नाही. ती तुमचीच होती.